लोकमताचा कौल आणि राष्ट्रांची चुरस

दोन बलाढ्य राष्ट्रें एकमेकांकडे डोळे वटारून पाहूं लागलीं, म्हणजे तिसऱ्याच एका गोष्टीचा गजर चोहोंकडे सुरू होतो. ती गोष्ट म्हणजे लोकमत. "आमच्या देशांतलें लोकमत हें सहन करणार नाहीं," असें एक मुत्सद्दी बजावतो. "आमच्या लोकांना युद्ध नको आहे," असें दुसरा सांगतो. आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आंकडे झळकतात, कीं शेंकडा इतके लोक या बाजूचे आणि शेंकडा इतके त्या बाजूचे. सकाळच्या चहाबरोबर हे आंकडे आपण वाचतों, त्यांवर घरांत चार शब्द बोलतों आणि पान उलटतों. पण हें लोकमत म्हणजे नेमकें काय, तें मोजतात कसें, आणि मोजून झाल्यावर त्याचें पुढें काय होतें, याचा उलगडा क्वचितच कोणी करून देतो. श्रोतेहो, आजच्या भाषणांत तो करण्याचा माझा प्रयत्न आहे. त्यासाठीं मीं एक मोठें उदाहरण निवडलें आहे. तें इंग्लंडांतलें आहे आणि १९३४-३५ सालचें आहे.

उदाहरणाकडे वळण्यापूर्वीं आपल्या परिचयाची एक गोष्ट सांगतों. कोंकणांत आणि गोमंतकांत देवाला कौल लावण्याची चाल आहे. मूर्तीला फुलें किंवा पाकळ्या चिकटवितात, गाऱ्हाणें घालतात, आणि उजवीकडचें फूल पडलें तर होकार, डावीकडचें पडलें तर नकार, असें समजतात. हा प्रकार ज्यानें जवळून पाहिला आहे, त्याला एक मर्म ठाऊक असतें. कौलाची खरी मख्खी फूल पडण्यांत नसून प्रश्न घालण्यांत असते. "यंदा विहीर खणावी काय?" हा एक प्रश्न झाला, "कर्ज काढून यंदा विहीर खणावी काय?" हा अगदीं निराळा प्रश्न झाला. आणि फूल मधेंच कोठें अडकलें, तर त्याचा अर्थ सांगावयास गुरव उभा असतोच. लोकमताच्या कौलाचीहि गोष्ट बरीचशी अशीच आहे. प्रश्न कोणीं घातला, कोणत्या शब्दांत घातला, आणि उत्तराचा अर्थ कोणीं लावला, या तीन गोष्टी कळल्यावांचून नुसत्या आंकड्याला मोल नाहीं.

आतां इंग्लंडकडे वळूं. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ब्रिटिश बेटांतील सात लक्षांहून अधिक माणसें कामास आलीं. ज्या घरांतला कोणी गेला नाहीं असें घर सांपडणें कठीण झालें होतें. पुन्हां असें होऊं नये म्हणून १९२० सालीं राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि त्याचें ठाणें जिनीव्हा येथें बसलें. त्याचें तत्त्व साधें होतें. एका सभासदावर कोणी चालून गेला, तर तो हल्ला सर्वांवरच झाला असें समजावयाचें आणि सर्वांनीं मिळून त्याला आळा घालावयाचा. परंतु १९३१ च्या सप्टेंबरांत जपाननें मांचुरियांत सैन्य घुसविलें. राष्ट्रसंघानें चौकशी केली, दोष दिला, आणि १९३३ च्या मार्चांत जपाननें संघाचाच त्याग जाहीर केला. त्याच वर्षीं जानेवारींत जर्मनींत हिटलर अधिकारावर आला, आणि ऑक्टोबरांत जर्मनीहि निःशस्त्रीकरण परिषद व राष्ट्रसंघ या दोहोंतून बाहेर पडली. इंग्लंडांतल्या माणसाच्या मनांत आणखी एक धास्ती होती, ती विमानांची. बाँबफेकें विमान कांहीं केलें तरी शहरापर्यंत पोंचणारच, असें १९३२ च्या नोव्हेंबरांत स्टॅन्ली बाल्डविन यांनीं पार्लमेंटांत बोलून दाखविलें होतें, आणि तें वाक्य लोकांच्या काळजांत घर करून बसलें होतें.

अशा वेळीं लोकांचें मत काय होतें? दोन गोष्टींवरून सर्वजण तर्क बांधीत होते. पहिली, १९३३ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथील विद्यार्थ्यांच्या सभेनें राजा व देश यांच्यासाठीं आपण लढणार नाहीं असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनीं मंजूर केला. दुसरी, त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडनमधील पूर्व फुलम या मतदारसंघांतील पोटनिवडणुकींत चौदा हजारांच्या मताधिक्याची जागा सरकारपक्षानें गमावली, आणि निवडून आलेला मजूरपक्षाचा उमेदवार शांततेचा पुरस्कर्ता होता. यावरून इंग्रज जनता हातांत शस्त्र धरावयास तयार नाहीं, असा निष्कर्ष निघाला. पण ऑक्सफर्डचे तरुण म्हणजे सारा देश नव्हे, आणि फुलमच्या मतदारांना बेकारी व राहत्या घरांची टंचाई हीं दुःखें होतींच. एका फुलावरून गुरवानें संपूर्ण कौल सांगावा, तशांतला हा प्रकार होता.

राष्ट्रसंघाचा पुरस्कार करणारी एक मोठी संस्था इंग्लंडांत होती आणि लॉर्ड रॉबर्ट सेसिल हे तिचे धुरीण होते. लंडननजीकच्या इल्फर्ड गांवीं एका स्थानिक वृत्तपत्रानें १९३४ च्या आरंभीं लोकांची मतें घेऊन पाहिलीं, तेव्हां हजारों लोकांनीं उत्साहानें उत्तरें दिलीं. त्यावरून सेसिल यांनीं ठरविलें कीं हाच प्रयोग देशभर करावयाचा. १९३४ च्या शेवटीं काम सुरू झालें. सुमारें पांच लक्ष स्वयंसेवक दारोदार हिंडले. अठरा वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषापुढें त्यांनीं छापील पत्रिका ठेवली, आणि कांहीं दिवसांनीं ती भरून परत नेली. तेव्हां रेडिओ होता, वर्तमानपत्रें होतीं, पण लोकांच्या उंबरठ्यावर जाऊन परराष्ट्रनीतीचा प्रश्न विचारणें ही गोष्ट नवीनच होती. राजकारण हें परराष्ट्रखात्याच्या बंद दारामागें चालावयाचें, गृहिणीला आणि कारकुनाला त्यांत कोण विचारतो, असाच तोंवरचा प्रघात होता.

प्रश्न पांच होते. राष्ट्रसंघांत इंग्लंडनें राहावें काय? सर्वांनीं मिळून शस्त्रास्त्रें कमी करावीं काय? लष्करी विमानें सर्वांच्या संमतीनें बंद करावीं काय? शस्त्रें बनविण्याचा खाजगी धंदा बंद करावा काय? आणि पांचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, दोन भागांचा. एखादें राष्ट्र दुसऱ्यावर चालून जाण्याचा हट्टच धरील, तर इतरांनीं एकजुटीनें त्याला थांबवावें काय, प्रथम आर्थिक बहिष्कारानें, आणि जरूर पडल्यास लष्करी बळानें?

१९३५ च्या जून महिन्याच्या अखेरीस निकाल जाहीर झाला. एक कोटि पंधरा लक्षांहून अधिक लोकांनीं मतें दिलीं होतीं, म्हणजे देशांतल्या प्रौढांपैकीं एकतृतीयांशाहून अधिक. पहिल्या प्रश्नाला एक कोटि दहा लक्षांवर होकार आले. आर्थिक बहिष्काराला एक कोटीहून थोडे अधिक होकार आणि केवळ सहा लक्ष पस्तीस हजार नकार आले. लष्करी उपायाचा प्रश्न आला तेव्हां मात्र चित्र पालटलें. होकार ६७ लक्ष ८४ हजार, नकार २३ लक्ष ५२ हजार, आणि सुमारें २४ लक्ष लोकांनीं स्पष्ट हो किंवा नाहीं म्हटलेंच नाहीं.

आतां या आंकड्यांकडे एखाद्या परीक्षकाच्या नजरेनें पाहा. शाळेंत उत्तरपत्रिका तपासतांना एक धडा लवकर मिळतो. सोपा प्रश्न सर्वांचाच बरोबर येतो, त्यावरून वर्गाची पारख होत नाहीं. पारख होते ती कठीण प्रश्नावरून, आणि कोऱ्या सोडलेल्या जागांवरूनहि. शस्त्रें सर्वांनींच कमी करावीं, याला नाहीं कोण म्हणेल? त्यांत आपल्या पदरचें कांहीं जात नाहीं. खरा प्रश्न पांचव्याचा उत्तरार्ध होता, कारण त्यांत आपला मुलगा, आपला भाऊ जावयाचा होता. आणि तेथेंहि, ज्यांनीं उत्तर दिलें त्या चौघांपैकीं जवळजवळ तिघांनीं "हो" म्हटलें. म्हणजे ही जनता शस्त्र खालीं ठेवून बसलेली नव्हती. "कायद्याचें रक्षण सर्वांनीं मिळून करा, आम्ही त्यांत आहों," असें तिचें म्हणणें होतें. चोवीस लक्ष लोक घुटमळले, हेंहि तितकेंच खरें. आणि त्यांचें घुटमळणें अप्रामाणिक नव्हतें.

या निकालाचा अर्थ लावणारे गुरव मात्र पुष्कळ निघाले. मतदान चालू असतांनाच एका खपाऊ दैनिकानें त्याला रक्ताचें मतदान म्हणून हिणविलें होतें, कारण बहिष्कारामागून युद्ध येणारच असें त्याचें म्हणणें होतें. निकालानंतर कांहींनीं तेंच मतदान शांततेच्या हट्टाचें म्हणून रंगविलें. पुढें महायुद्ध पेटल्यावर तर, या मतदानामुळेंच हुकूमशहांना धीर आला आणि इंग्लंडची शस्त्रसज्जता रखडली, असा ठपका त्या पांच लक्ष स्वयंसेवकांच्या माथीं मारण्यांत आला. एकाच निकालाला युद्धखोर आणि शांतताखोर अशीं दोन्ही विशेषणें लागावीं, यावरूनच तो किती थोड्यांनीं शेवटच्या प्रश्नापर्यंत वाचला होता, हें उघड होतें.

निकालाची कसोटी अवघ्या शंभर दिवसांत लागली. ३ ऑक्टोबर १९३५ रोजीं मुसोलिनीच्या इटलीनें अबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथियोपियावर, स्वारी केली. त्यापूर्वींच सप्टेंबरांत ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सर सॅम्युअल होअर यांनीं जिनीव्हास जाऊन, आक्रमणाच्या सामुदायिक प्रतिकाराला इंग्लंड बांधलेलें आहे, अशी ग्वाही दिली होती. नोव्हेंबरांत सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि त्या धोरणावर सरकारपक्षानें मोठें बहुमत मिळविलें. राष्ट्रसंघानें इटलीवर आर्थिक बहिष्कारहि पुकारला. परंतु ज्या तेलावर इटलीचीं विमानें आणि मोटारगाड्या चालत होत्या, तें तेल बहिष्कारांतून वगळलें. आणि ज्या सुवेझ कालव्यांतून इटलीचें सैन्य जात होतें, तो कालवा उघडाच राहिला. डिसेंबरांत तर होअर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनीं अबिसीनियाचा मोठा भाग इटलीला देऊन तंटा मिटविण्याची योजना गुपचूप आंखली. पॅरिसच्या वृत्तपत्रांनीं ती फोडली, आणि मग इंग्लंडांत लोकमताचा जो क्षोभ झाला तो विलक्षण होता. पार्लमेंटच्या सभासदांच्या घरीं पत्रांचा वर्षाव झाला. १८ डिसेंबर रोजीं होअर यांना राजीनामा द्यावा लागला.

म्हणजे लोकमत जिंकलें काय? मंत्री गेला, योजना गेली. पण बहिष्कारांत तेल शेवटपर्यंत आलें नाहीं. ५ मे १९३६ रोजीं इटलीच्या फौजा अदिस अबाबांत शिरल्या, आणि जुलैमध्यें राष्ट्रसंघानें बहिष्कार उठविला. लोकमताच्या बळाची सीमा येथें दिसते. एखादी लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली, तर तिला थांबविण्याचें सामर्थ्य लोकमतांत असतें. पण रोज उठून, महिनोन् महिने, मंत्र्यांकडून कांहीं करवून घेण्याचें सामर्थ्य त्यांत क्वचित् असतें. संताप हा गवताच्या आगीसारखा आहे. त्यावर डाळ शिजत नाहीं. राज्यकर्ते हें ओळखून असतात आणि भडका ओसरण्याची वाट पाहतात.

या मतदानांत एक शास्त्रीय उणीवहि होती, ती सांगितली पाहिजे. प्रश्न विचारणारे राष्ट्रसंघाचेच कैवारी होते, आणि उत्तर देणारे आपखुषीनें देणारे होते. ज्यांना हा खटाटोप नापसंत होता त्यांनीं पत्रिका भरलीच नाहीं. उत्तरांची संख्या प्रचंड असली म्हणजे निष्कर्ष बरोबर असतो, हा समज पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत खोटा ठरला. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीं तेथील एका साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें पाठविल्या; तेवीस लक्षांवर परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट हरणार असें भाकीत त्यानें केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट अठ्ठेचाळीस संस्थानांपैकीं सेहेचाळीस जिंकून आले. त्या साप्ताहिकानें टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांवरून नांवें घेतलीं होतीं, आणि मंदीच्या त्या काळांत टेलिफोन व मोटार कोणाच्या घरीं असावयाची! उलट जॉर्ज गॅलप यांनीं थोडक्याच पण सर्व थरांतील लोकांना विचारून कल अचूक सांगितला. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यास सारें पातेलें उपसावें लागत नाहीं, शितावरून कळतें. मात्र शितें तळाचीं, मधलीं व वरचीं अशीं घेतलीं पाहिजेत. गॅलप यांची सारी युक्ति या एका वाक्यांत येते.

ही नवी पद्धति लवकरच इंग्लंडांतहि आली, आणि १९३८ च्या म्युनिक प्रकरणांत तिची परीक्षा झाली. त्या सप्टेंबरांत लंडनच्या बागांतून खंदक खणले जात होते. विषारी वायूपासून बचाव करणारे सुमारें तीन कोटि ऐंशी लक्ष मुखवटे लोकांना वांटले गेले होते. पंतप्रधान चेंबर्लेन हिटलरला भेटून, चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतेन प्रदेश त्याला देण्याचा करार करून परतले, तेव्हां लोकांनीं त्यांचें रस्तोरस्तीं स्वागत केलें. हें स्वागत इतिहासांत प्रसिद्ध आहे. पण तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट फारशी प्रसिद्ध नाहीं. आतां युरोपांत मला आणखी प्रदेश नको, हें हिटलरचें म्हणणें तुम्हांला खरें वाटतें काय, असें त्याच सुमारास चांचणींत विचारलें होतें, आणि दहांपैकीं आठांहून अधिक लोकांनीं त्यावर अविश्वास दर्शविला होता. हा निकाल न्यूज क्रॉनिकल या दैनिकाकडे आला. त्याच्या चालकांनीं तो दाबून ठेवला. हिटलर चिडेल आणि वाटाघाटींस बाध येईल, ही त्यांची भीति होती.

याचा अर्थ काय? रस्त्यांतला जयजयकार खोटा होता काय? नाहीं. मुलें वांचलीं म्हणून आईबापांना झालेला तो आनंद होता, आणि तो मनापासून होता. पण त्याच आईबापांना हेंहि कळत होतें कीं संकट टळलें नाहीं, नुसतें पुढें ढकललें गेलें. एकाच माणसाच्या मनांत सुटकेचा निश्वास आणि अविश्वास एकत्र नांदत होते. राज्यकर्त्यांनीं त्यांतला निश्वास तेवढा ऐकला आणि ऐकविला. अविश्वास कपाटांत बंद राहिला. लोकमत दडपावयाचें असेल तर लोकांना गप्प बसवावें लागतें असें नाहीं. त्यांच्या दोन उत्तरांपैकीं सोयीचें एकच छापलें तरी पुरतें.

पुढच्या वर्षीं तर उलटा प्रकार घडला. १९३९ च्या उन्हाळ्यांत, रशियाशीं लष्करी करार करावा, असें ब्रिटिश चांचण्यांत दहांपैकीं आठांहून अधिक लोक म्हणत होते. सरकारचें पाऊल मात्र रेंगाळत पडत होतें. ब्रिटिश व फ्रेंच शिष्टमंडळ ऑगस्टांत निघालें तें विमानानें नव्हे, तर संथ चालीच्या आगबोटीनें. आणि मॉस्कोस पोंचल्यावर बारा दिवसांच्या आंत, २३ ऑगस्ट रोजीं, रशियानें जर्मनीशींच करार करून टाकला. लोकमतामुळें आमचे हात बांधलेले होते, असें म्हणणाऱ्या मुत्सद्द्यांना हें उदाहरण आठवून द्यावें. जेथें लोकमतानें त्यांचे हात मोकळे केले होते, तेथें त्यांनीं ते हलविले नाहींत.

आणि ज्यांना विचारलेंच नाहीं त्यांचें काय? हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता, पण त्याच्या नांवानें बोलणारे सरकारनियुक्त असत. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत आहे असें घोषित केलें, तें निवडून आलेल्या एकाहि पुढाऱ्याला न विचारतां. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनीं त्याच्या निषेधार्थ राजीनामे दिले. मुंबई प्रांतांतलें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळहि त्या नोव्हेंबरांत पायउतार झालें. इल्फर्डच्या गृहिणीला निदान पत्रिका मिळाली होती. साताऱ्याच्या आणि रत्नागिरीच्या ज्या घरांतून शिपाई लढावयास गेले, त्यांच्या दारांशीं कोणी पत्रिका घेऊन आलें नाहीं. जगाचें लोकमत हे शब्द वाचतांना, या जगांत कोण कोण मोजलें आहे, हें पाहावें तें यासाठीं.

प्रश्नाच्या शब्दांनीं उत्तर कसें पालटतें, याचें एक उत्तम उदाहरण अमेरिकेनें दिलें. १९४१ च्या पूर्वार्धांत गॅलपच्या चांचण्यांत, अमेरिकेनें युद्धांत उतरावें काय, असें विचारलें असतां पांचांपैकीं चौघे नाहीं म्हणत. त्याच लोकांना, युद्धांत ओढले जाण्याचा धोका पत्करूनहि इंग्लंडला मदत करणें अधिक महत्त्वाचें आहे काय, असें विचारलें असतां सुमारें दोनतृतीयांश लोक हो म्हणत. यांत कोणाला लबाडी दिसेल. मला ती दिसत नाहीं. घरांतल्या माणसाला दवाखान्यांत ठेवूं काय असें विचारलें तर आपण नको म्हणतों, आणि त्याचा जीव वांचविण्यासाठीं लागेल तें कराल काय असें विचारलें तर हो म्हणतों. मन एकच असतें, प्रश्नांनीं त्याचीं दोन दारें ठोठावलेलीं असतात.

महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांची चुरस सुरू झाली, आणि मत विचारण्याची लाट रशियांतहि पोंचली. १९६० च्या मे महिन्यांत कम्सोमोल्स्काया प्राव्दा या वृत्तपत्रानें लोकमत अजमावण्याची संस्था काढून पहिलाच प्रश्न विचारला, कीं मानवजातीला युद्ध टाळतां येईल काय? अमेरिकेचें हेरविमान नुकतेंच रशियानें पाडलें होतें, वातावरण तंग होतें, आणि तरी शेंकडा ९६.८ लोकांनीं हो म्हटलें. आंकडा मोठा आहे, आणि ज्या देशानें महायुद्धांत कोट्यवधि माणसें गमावलीं त्याची शांततेची ओढ खरीच असणार. परंतु जेथें नाहीं म्हणणाऱ्याला उद्यांची काळजी करावी लागते, तेथील होकाराचें वजन करतांना तराजू जपून धरावा लागतो.

या साऱ्या हकीगतींतून लोकमत निरर्थक आहे असें कोणाला वाटेल, म्हणून एक शेवटचें उदाहरण देतों. १९५४ पासून अणुबाँबच्या चांचण्यांतून पडणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीविषयीं जगभर काळजी वाढूं लागली. त्या वर्षींच्या १ मार्च रोजीं पॅसिफिक महासागरांत अमेरिकेनें केलेल्या स्फोटाची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. टोकियोच्या सुगिनामी भागांतील गृहिणींनीं सह्यांची मोहीम आरंभिली, आणि पुढच्या वर्षापर्यंत जपानांत तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. अमेरिकेंतील सेंट लुई शहरांत मुलांचे पडलेले दुधाचे दांत गोळा करून त्यांतील किरणोत्सर्गी द्रव्य मोजण्याचा उपक्रम १९५८ मध्यें सुरू झाला, आणि आयांनीं ते दांत लाखोंनीं पाठविले. ५ ऑगस्ट १९६३ रोजीं मॉस्कोंत अमेरिका, रशिया व इंग्लंड यांनीं हवेंत, पाण्यांत व अंतराळांत अशा चांचण्या न करण्याचा करार केला. अमेरिकेंत त्याला जुलैंत निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांचा पाठिंबा होता. सप्टेंबरांत तो पांचांपैकीं चौघांपर्यंत चढला, आणि सीनेटनें ८० विरुद्ध १९ मतांनीं करार मान्य केला. हें एकट्या लोकमतानें केलें असें मी म्हणत नाहीं. क्यूबाच्या १९६२ च्या संकटानें दोन्ही नेते हादरले होते. पण वर्षानुवर्षें चिकाटीनें एकाच ठिकाणीं टांकी मारणाऱ्या या आयांवांचून तो करार झाला असता, असेंहि मला वाटत नाहीं. १९३५ चा संताप दहा दिवसांचा होता; ही चिकाटी नऊ वर्षांची होती. अंतर येथें आहे.

आजहि महासत्तांच्या चुरशीविषयीं चांचण्या होतात आणि त्यांचे आंकडे आपल्या घरांत येतात. तेव्हां ऐकणाऱ्यांनीं चार प्रश्न मनाशीं विचारावे. हा कौल कोणीं घेतला? कोणाकोणाचा घेतला, आणि कोण वगळले गेले? प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, आणि त्यांत किंमत सांगितली होती काय? नाहीं म्हणण्याची मोकळीक खरोखर होती काय? या चारांचीं उत्तरें मिळालीं तर आंकडा वाचावा. न मिळालीं तर त्यावर वाद घालण्यांत रात्र घालवूं नये.

आणि उद्यां कोणी आपल्याच दाराशीं पत्रिका घेऊन आला, तर? तर पहिल्या चार सोप्या प्रश्नांवर आपला हो ठोकून देऊन मोकळें होऊं नये. पांचव्या प्रश्नाशीं थांबावें. त्याची किंमत कोण देणार, आपला मुलगा कीं दुसऱ्याचा, हें घरांत सर्वांनीं बसून बोलावें, वडील माणसांनीं मुलांचेंहि ऐकावें, आणि मग जें उत्तर द्यावयाचें तें उद्यां आणि परवांहि देतां येईल असें द्यावें. घुटमळावेंसें वाटलें तर खुशाल घुटमळावें; त्या चोवीस लक्षांची मला तरी लाज वाटत नाहीं. इतकें सांगून आजचें भाषण पुरें करतों.